मखमली कोटातला कॅप्टन

‘पोलादी नक्षत्र’ या सिनेमाबद्दल माझ्याशी वाद घालायला कुणी येऊ नये, असं मी परवापरवापर्यंत छाती ठोकून सांगत होते. आठ भाग! आठही आमच्या घरात इतक्यांदा लागलेत की भिंतींनासुद्धा पाठ झाले असतील. माझी शाळा चौथीत सुटली, म्हणून काही अक्कल सुटली नाही. ऐका माझं मत. पहिल्या भागात नुसती धावाधाव. दुसऱ्यात रडारड. तिसरा म्हणजे सोनं! चौथा बरा. पाचव्यात सगळे अख्खा वेळ वाळूत भटकतात आणि एकाच्याही बुटात खडा जात नाही! सहाव्यात कॅप्टनला मारला, सातव्यात परत आणला. अरे, परत आणायचाच होता तर मारलात कशाला? त्या रडण्यापायी मी एका गिऱ्हाइकाच्या झग्याला दोन्ही बाह्या उलट्या जोडल्या, त्या कोण उसवून देणार? आठव्यात सगळे म्हातारे झाले. ते मात्र मला पटलं. आम्हीही झालोच की.

आणि कपडे! अंतराळात एवढाली जहाजं उडवतात, पण धड शिवलेला कोट अख्ख्या नक्षत्रात एकाच माणसाच्या अंगावर. कॅप्टनच्या. डाळिंबी मखमल, गळ्याला सोनेरी गोट, खांद्यावर अशी बसलेली शिवण की बघत राहावं. बाकीचे सगळे पोती घालून फिरल्यासारखे.

आता एक बारीकशी गोष्ट सांगायची राहिली. हे आठही भाग मी पाठमोरी बसून बघितलेत.

त्याचं असं आहे, माझं शिवणाचं मशीन खिडकीकडे तोंड करून आहे. उजेड तिकडून येतो. टीव्ही माझ्या पाठीशी. हे सुट्टीच्या दिवशी सिनेमा लावून बसायचे आणि मी शिवता शिवता ऐकायचे. मध्येच मोठा धडाका झाला किंवा दोरा तुटला, की मान वळवून बघायचे. तेवढ्यात काय ते कळतंच की! आवाज ओळखीचे झाले होते. एक आवाज होता भारदस्त, उबदार, थंडीत रजई अंगावर ओढावी तसा. तो कॅप्टनचा. मान वळवली की समोर हा उंचापुरा मखमली कोटवाला उभा. झालं, आवाज आणि कोट मी मनातल्या मनात जोडून टाकले आणि वरून पक्की टीप मारली. त्याच्या आसपास एक टकला, बुटका मनुष्य दिसायचा, करड्या कोटातला, हातात पाना. तो जहाजाची दारं दुरुस्त करणारा असणार, असं मी धरून चालले.

दारांचं सांगते, कारण सगळं तिथेच अडकलंय. आमचे हे लिफ्ट दुरुस्त करायचे. उभं आयुष्य बंद पडलेल्या लिफ्टच्या दारांशी झटण्यात गेलं. आणि ‘पोलादी नक्षत्र’चा कॅप्टन म्हणे कॅप्टन होण्याआधी जहाजाची दारं दुरुस्त करत असे. तिसऱ्या भागात अडकलेलं दार तो खांद्याने धरून ठेवतो आणि सगळी माणसं बाहेर काढतो. सगळ्या सिनेमांत दारं दुरुस्त करणारा नायक हा एवढाच! त्यामुळे यांच्या कामावरची सगळी टोळी या सिनेमाची भक्त. मला हे ठाऊक होतं. फक्त मला वाटायचं, कॅप्टन झाल्यावर त्याने चांगला कोट शिवून घेतला असेल. माणूस वर चढला की कपडे सुधारतात, नाही का?

तर नववा आणि शेवटचा भाग लागणार, अशी बातमी आली. यांच्या टोळीने ठरवलं, सगळे निवृत्त लिफ्टवाले जहाजावरच्या माणसांच्या वेषात पहिल्या दिवशी दुपारच्या खेळाला जायचं आणि थिएटरच्या दारात एक मोठा फोटो काढायचा. कॅप्टन कोण होणार? तर सगळ्यांनी हात वर करून यांचं नाव घेतलं! यांचं! ज्यांच्यावर कामावर साहेब ओरडले आणि घरी मी ओरडले, ते हे. साहेबांना दुय्यम जागा मिळाली. हे घरी आले तेव्हा चपला काढायच्या विसरून तसेच आत आले. मी नेहमीप्रमाणे ओरडले, पण यांना ऐकूच गेलं नाही.

“अगं, मला कॅप्टनचा कोट लागेल,” हे म्हणाले. “भाड्याने मिळतात म्हणे...”

“भाड्याने? माझ्या घरात मशीन असताना? लोकांनी काय म्हणावं?”

“तुला गिऱ्हाइकांची कामं असतात ना, म्हणून म्हटलं.” यांनी काखेतली गुंडाळी पुढे केली. “हे बघ, चित्र आणलंय मोठं. यात सगळे नीट दिसतात.”

“ठेवा ते कपाटावर! मला चित्र दाखवता? आठ भाग झालेत माझे! त्या कोटाची शिवण न शिवण मी डोळे मिटून सांगेन.”

यांनी गुंडाळी कपाटावर ठेवली. तिथेच माझं नशीबही ठेवलं, असं म्हणायला हरकत नाही.

पडद्यांच्या एका कामातून उरलेली डाळिंबी मखमल माझ्याकडे जपून ठेवलेली होती. मी गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारली. लग्नाचा एक झगा खोळंबला, नवरीची आई दारात येऊन गेली, तिला म्हटलं, “बाई, लग्न पुढे ढकलता येतं, सिनेमा नाही!” अस्तर साटिनचं लावलं. काजं हाताने केली. सोनेरी गोट लावताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी दिव्याखाली मान मोडून बसले.

मग पहिली ट्रायल. हे आरशासमोर उभे. मी कोट अंगावर चढवला. यांनी आरशात बघितलं आणि सोनेरी गोटावरून हळूच बोट फिरवलं. मी मनात म्हटलं, गहिवरले!

“अगं, पण हा...” हे म्हणाले.

“हलू नका!” मी टाचण्या तोंडात धरून ओरडले. “खांदा जरा सैल आहे, दिसतंय मला. दोन ठिकाणी टीप मारली की बसेल.”

“खांद्याचं नाही गं...”

“बाहीचंही दिसतंय! कोण शिवतंय, मी का तुम्ही?”

तेवढ्यात सून चहा घेऊन आली. ती शिकलेली आहे, म्हणजे मध्ये बोलणार हे ठरलेलंच.

“आई, किती सुरेख शिवलाय! पण कॅप्टनचा कोट करडा असतो ना?”

“करडा?” मी टाचण्या काढून तिच्याकडे वळले. “करडं पायपुसणं असतं. कोट नसतो. तू कधी सिनेमा सुरू झाल्यापासून शेवटपर्यंत बसलीस का? मोबाइलमधून मान वर काढशील तर कळेल!”

सुनेने तोंड उघडलं. आरशात मला दिसलं, यांनी तिला हळूच डोळ्याने खूण केली आणि मान हलवली. ती मुकाट्याने कपबशा घेऊन गेली. मला काय वाटावं? वाटलं, बघा, आज माझी बाजू घेतली यांनी! इतक्या वर्षांत पहिल्यांदा! मी इतकी खूश झाले की कॉलरला आणखी एक गोट लावून टाकला.

आता सगळं आठवतं आणि त्या आरशाकडे बघवत नाही.

सिनेमाचा दिवस आला. थिएटरसमोर ही गर्दी! कुणी रोबो झालंय, कुणी डोक्याला पत्र्याची शिंगं लावलीत, एका बाईने केसांत चक्क लुकलुकणारे दिवे लावले होते. आम्ही तिघं, म्हणजे हे, मी आणि सून, चालत गेलो. हे पुढे, मखमल उन्हात अशी झळकत होती की रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. माझी मान तर आभाळाला लागलेली.

यांची टोळी पायऱ्यांवर उभी होती. यांना बघून सगळ्यांची तोंडं उघडीच राहिली. मी म्हटलं, आता बघा, बघत राहा!

“अरे, हे काय?” साहेब म्हणाले.

मी पर्समधून तिकिटं शोधत होते. यांचं उत्तर अर्धवटच ऐकू आलं. काहीतरी, “त्याच्याशिवाय फोटो पुरा होतो का? तुम्ही व्हा ना...” असं. मग थोडी कुजबुज झाली. एकाने आपल्या पिशवीतून जुना करडा कोट काढला आणि साहेबांना घातला. त्याच्या एका बाहीचं कोपर फाटलेलं. साहेबांनी हातात पाना घेतला.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! साहेब झाले दारं दुरुस्त करणारे! आयुष्यभर आमच्या माणसावर ओरडलात ना? आता फिरवा पाना!

“शोभतंय हो साहेब तुम्हाला,” मी गोड बोलून टोमणा मारला.

“तुमची कृपा, वहिनी!” साहेब म्हणाले. त्यांचे डोळे जरा ओले दिसले. मला वाटलं, झोंबलं!

मग फोटोची तयारी. फोटोवाला म्हणाला, दोरी पाहिजे. कुणाकडे दोरी नाही. मी म्हटलं, “दोरी कशाला? घ्या!” आणि पर्समधला माझा टेप काढून दिला. माप घ्यायचा टेप माझ्या पर्समध्ये कायम असतो. दुसऱ्या क्षणी बघते तर काय! त्याच टेपने यांचे हात मागे बांधलेत, हे पायरीवर गुडघे टेकून बसलेत आणि साहेब यांच्या खांद्यावर पाना टेकवून छाती काढून उभे!

“उठा!” मी गर्दीत शिरले. “कॅप्टनने गुडघे टेकायचे? आणि नव्या मखमलीला धूळ लागतेय!”

लोक हसले. हे खालूनच म्हणाले, “अगं, असू दे. नवव्या भागात तसंच आहे.”

“नववा भाग बघितलाय कुणी अजून?”

“जाहिरातीत दाखवलं.”

“मग गुडघ्याखाली रुमाल तरी घ्या!”

मी स्वतःच्या हाताने यांच्या गुडघ्याखाली रुमाल सरकवला. तो फोटो आता साहेबांच्या घरात भिंतीवर आहे. त्यात मीसुद्धा आहे, वाकलेली, रुमाल सरकवताना.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी जन्मभर तोंड लपवलं असतं. पण सिनेमा सुरू व्हायच्या आधी पडद्यासमोर वेषभूषेची स्पर्धा होती. माइक घेतलेली एक मुलगी एकेकाला वर बोलावत होती. रोबोला टाळ्या. शिंगवाल्याला शिट्ट्या. साहेब वर गेले तेव्हा तर लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. मी सुनेला म्हटलं, “दारवाल्याला एवढ्या टाळ्या? मग आपल्याला बघ आता!”

सून म्हणाली, “आई, आपण बाहेर जाऊन पाणी पिऊन येऊ या का?”

“गप बस!”

हे वर गेले. आणि अख्खं थिएटर ओरडलं, “हूऽऽऽ!”

कुणी लाह्या फेकल्या. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “चल नीघ!” हे मधोमध उभे, हात बाजूला सोडलेले, चेहऱ्यावर कसनुसं हसू. माझ्या अंगाची लाही झाली. मी तरातरा पायऱ्या चढले आणि त्या मुलीच्या हातातला माइक ओढून घेतला.

“लाज नाही वाटत?” मी म्हटलं. माझा आवाज तसाच मोठा, त्यात माइक! “तिसऱ्या भागात दार धरून कोण उभं राहिलं?”

“कॅप्टन!” सगळं थिएटर ओरडलं.

“सहाव्या भागात तुमच्यासाठी जीव कुणी दिला?”

“कॅप्टन!”

“मग त्यालाच हू करता? अरे, या माणसाने कधी कुणावर आवाज चढवला नाही! स्वतः उपाशी राहील पण अडकलेल्याला बाहेर काढल्याशिवाय घरी येणार नाही! आणि तुम्ही लाह्या मारता?”

मग जे हसू फुटलं! खुर्च्या हलल्या. लोक उभं राहून टाळ्या वाजवायला लागले. माइकवाली मुलगी डोळे पुसत म्हणाली, “आजी, कमाल! सरदाराची भोळी बायको! त्याच्या सगळ्या थापा खऱ्या मानणारी! ही कल्पना तर सिनेमावाल्यांनाही सुचली नाही!”

सरदार? सरदार म्हणजे तो किरट्या आवाजाचा, जहाज विकणारा फितूर! त्याला तर मी शिवताना शिव्या घातल्यात! त्याचं इथे काय काम? मी यांच्याकडे बघितलं. हे बुटांकडे बघत होते. आम्हा दोघांना पहिलं बक्षीस मिळालं, लाह्यांची बादली. बादली घेऊन खाली उतरले तेव्हाही मला वाटत होतं, या पोरीचाच काहीतरी घोळ आहे.

अंधार झाला. सिनेमा सुरू झाला. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी ‘पोलादी नक्षत्र’ समोर तोंड करून बघायला लागले.

पहिल्यांदा आवाज आला. तोच, रजईसारखा. “दार उघडेपर्यंत कुणी घाबरायचं नाही,” आवाज म्हणाला. मी मखमल शोधत होते. पडद्यावर तोंड हललं ते टकल्या बुटक्याचं. करडा कोट. एक कोपर फाटकं. हातात पाना.

मी डोळे चोळले. बुटका पुन्हा बोलला. पुन्हा तोच आवाज.

मग डाळिंबी मखमल आली. उंचापुरा, सोनेरी गोट, खांद्यावर सुरेख शिवण. सगळं थिएटर “हूऽऽ” म्हणालं. त्याने तोंड उघडलं आणि तेल न घातलेल्या मशीनसारखा किरटा आवाज निघाला.

माझ्या मांडीवर लाह्यांची बादली होती. तिच्यात तोंड घालावं असं वाटलं.

शेजारी बघितलं. यांनी कोट काढून, अस्तर वर करून, नीट घडी घालून मांडीवर ठेवला होता. घामेजल्या हाताने मखमल खराब होऊ नये म्हणून.

“अहो,” मी हळूच म्हटलं, “तुम्हाला ठाऊक होतं?”

“शूऽऽ,” हे म्हणाले. “दार उघडतंय.”

पडद्यावर कॅप्टनने शेवटचं दार उघडलं आणि तो त्यातून निघून गेला. सगळे रडत होते. साहेब पुढच्या रांगेत करड्या कोटाच्या बाहीने डोळे पुसत होते. मीही रडले. पण कॅप्टनसाठी नव्हे.

घरी जाताना सून मुद्दाम चार पावलं पुढे चालत होती. शहाणी आहे, हे मी तिला कधी सांगणार नाही.

“बोलला का नाहीत?” मी यांना विचारलं. “पहिल्या ट्रायललाच सांगायचं! मी उसवला असता, जाळला असता, दुसरा शिवला असता!”

“सांगणार होतो.”

“मग?”

“तू ऐकशील म्हणून थांबलो, तेवढ्यात ट्रायल संपली.” हे थोडं चालले. “आणि खरं सांगू? तू अख्ख्या जगाचं शिवतेस. माझ्यासाठी कधी काही शिवलं नव्हतंस. म्हटलं, चाललंय ते चालू दे.”

माझ्या तोंडाला आजवर कुणी टाका घालू शकलं नव्हतं. त्या दिवशी बसला. खरंच की! यांचे शर्ट तयार विकत आणलेले, पँटी तयार. बटण तुटलं तर हे स्वतःच लावायचे, लिफ्टच्या वायरीला गाठ मारावी तसं. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांनी यांना कॅप्टन केलं, आणि मी यांना स्वतःच्या हाताने माप घेऊन, अस्तर लावून, फितूर करून गुडघ्यावर बसवलं. वर रुमालही दिला.

आता पुढचं ऐका. मी मशीन फिरवलं. खिडकीकडे पाठ, टीव्हीकडे तोंड. उजेड कमी पडतो, पडू दे. आठही भाग समोर बसून बघितले. तिसरा खरंच सोनं आहे. पाचवा मात्र बघितल्यावरही रटाळच, त्या मतावर मी ठाम आहे! आणि करडं कापड आणून कोट शिवला. पोत्यासारखा ढगळ, खांदे उतरलेले. हाताला सवय नाही, मुद्दाम वाईट शिवणं फार जड गेलं.

कपाटावरची ती गुंडाळी काढून चित्र भिंतीला लावलं. यांना त्याच्यासमोर उभं केलं. कोट चढवला. नववा भाग होऊन गेला, दहावा येणार नाही, फोटो निघून गेला, हे सगळं आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. टाचण्यांची डबी मी मुद्दाम लांब ठेवली होती.

“आता बोला,” मी म्हटलं. “काय चुकलंय ते बोला. मी ऐकतेय.”

यांनी चित्राकडे बघितलं, कोटाकडे बघितलं, घसा खाकरला.

“कोपर.”

“काय झालं कोपराला?”

“फाटकं पाहिजे. तिसऱ्या भागात दार धरताना फाटलं. त्याने ते कधी शिवलं नाही.”

मला माहीत होतं हो! बघितलं होतं मी! पण नव्या कापडाला कात्री लावून भोक पाडायला माझा हात धजला नव्हता. मी माझी कापडाची कात्री आणली. या कात्रीला घरात कुणी बोट लावायचं नाही, असा नियम आहे. लेकानेही कधी लावलं नाही. ती मी यांच्या हातात दिली.

“तुम्हीच करा.”

यांनी कोट काढून टेबलावर पालथा पसरला. कॅप्टन चित्रातून समोर बघत होता. हे त्याच्याकडे बघत, जीभ दातांत धरून, लिफ्टची वायर कापावी तितक्या बेताने, समोर दिसत होतं त्याच बाजूचं कोपर कापायला लागले. डाव्या बाहीचं.

चित्रातल्या माणसाचं तोंड आपल्याकडे असतं. त्याचं उजवं ते आपल्याला डावीकडे दिसतं. कॅप्टनचं फाटकं कोपर उजवं आहे. तिसऱ्या भागापासून नवव्यापर्यंत, उजवं.

यांनी कोट घातला आणि आरशासमोर उभे राहिले. पाठ ताठ, हनुवटी वर.

“आता झाला बघ कॅप्टन!” हे म्हणाले. “बरोबर ना गं?”

मी टाचण्यांची डबी जवळ ओढली, चांगल्या मूठभर टाचण्या तोंडात धरल्या आणि जोरजोरात होकारार्थी मान हलवली.